सरावाचा पुदिना

भाजीच्या दुकानात तिनं सवयीनं पुदिन्याची जुडी उचलून नाकाशी नेली आणि मनात पटकन येऊन गेलं, हाच. आईचा. कडी तुटलेल्या बादलीतला, खिडकीबाहेरच्या कठड्यावर ऊन खात पसरलेला. तिला इतका आनंद झाला की दुकानदार पिशवी आणलीय का म्हणून विचारत होता तेही तिच्या कानावर आलं नाही. आणि मग तितक्याच पटकन दुसरा विचार आला, हाच कशावरून? तिनं डोळे मिटले आणि ताडून बघायला म्हणून मनातला जुना वास पुढे काढायला गेली, तर तिथं काहीच नव्हतं. बादली होती, कठडा होता, आईचा ठिपक्याठिपक्यांचा गाऊन होता, उन्हात चमकणारा चष्मा होता. वास तेवढा नव्हता. जिन्याची अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं तिला झालं. "घ्यायचाय, की नुसताच वास?" दुकानदारानं विचारलं. ती ओशाळली, जुडी पिशवीत टाकली आणि कामाची वेळ झाली म्हणून चालायला लागली.

रस्ता रोजचा होता. चपलांच्या दुकानाचं शटर वर जात होतं, शाळेच्या भिंतीवरची मांजर आपल्या जागेवर होती, कोपऱ्यावरचा चहावाला कपांच्या पंगतीवर किटली फिरवत होता. एरवी हा रस्ता चालताना तिला फार बरं वाटे. ती तशी सुखी बाई होती, आणि आपण सुखी आहोत हे तिला अधूनमधून कळतही असे, जे फार लोकांना साधत नाही. नवरा शांत होता आणि घोरत नव्हता. गुडघे अजून जिने चढू देत होते. आणि काम असं होतं की त्याचं कौतुक कुणाला वाटो न वाटो, तिला स्वतःला रोज थोडं वाटायचंच. वनस्पतींच्या संशोधन संस्थेत तळमजल्यावर, लांबच्या टोकाला, तिची खोली होती. तिथं उंच गोल टाक्यांमध्ये द्रवरूप नायट्रोजन भरलेला असे आणि त्यात कुठकुठल्या झाडांचे कोंब वर्षानुवर्षं गोठून पडलेले असत. बियांपासून जी झाडं जशीच्या तशी येत नाहीत, त्यांचा एवढासा कोंब ठेवायचा, म्हणजे उद्या शेतात रोग आला, पूर आला, किंवा कुणाला प्रयोगासाठी तीच जात पुन्हा हवी झाली, की टाकीतून काढून ती वाढवता येते. झाकण उचललं की पांढरी वाफ काठावरून उतू जाऊन तिच्या पायांशी पसरे. संस्थेत सगळे तिला बर्फाळबाई म्हणत. तोंडावरसुद्धा म्हणत, कारण तिला राग येत नसे. फक्त गंमत वाटे, की जिचा सगळा जन्म बर्फ होऊ न देण्यात गेला, तिलाच हे नाव मिळावं.

कारण कोंब थंडीनं मरत नाही, बर्फानं मरतो. त्याच्या अंगातल्या पाण्याचा बर्फ झाला की बर्फाची टोकं पेशी फाडून टाकतात. म्हणून आधी त्याला पाणी सोडायला शिकवावं लागतं. मोहरीच्या दाण्याहून लहान कोंब मायक्रोस्कोपखाली कापून काढायचा, दोनेक दिवस साखरेच्या पाण्यात ठेवायचा, मग आणखी गोड पाण्यात, मग एका दाट चिकट द्रावणात, की त्याचं त्यालाच वाटावं आपल्याला एवढं पाणी नकोय. आणि मग एका झटक्यात नायट्रोजनमध्ये. हळूहळू गार केला तर बर्फाला सवड मिळते. वितळवतानाही तेच, कोमट पाण्यात चटकन फिरवून मोकळा करायचा. नवी माणसं इथं हमखास चुकत. माया करायला जात. हळुवारपणे, बाहेर टेबलावर ठेवून, आपोआप वितळू द्यायला बघत, आणि दुसऱ्या दिवशी तपकिरी ठिपका हातात येई. "लाड नकोत," ती त्यांना सांगायची. "आंघोळीला नेताना कुत्र्याला विचारतो का आपण?"

ती स्वतः हे सगळं शिकली पुदिन्यावर. संस्थेत नवी होती तेव्हा कुठल्या मोलाच्या झाडाला हात लावायची तिला परवानगी नव्हती, आणि पुदिना सोशिक म्हणून सरावाला तोच द्यायचे. एक जुडी बाजारातून आणली आणि चार फांद्या आईकडून. आई तेव्हा खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसलेली असायची. ती कधीही गेलं तरी तिथंच असायची. सगळ्या गल्लीचे पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश तिच्या सुईखालून जायचे. हात लांब केला की कठडा, कठड्यावर बादली. चहात घालायला, चटणीला, कधी नुसताच चाळा म्हणून, ती दोन पानं खुडायची, बोटांत चुरडायची, आणि बोटं पुसायला फडकं कधी घेतलं नाही. जवळ जी मुलगी असेल तिच्या दंडाला, मनगटाला पुसून टाकायची. दोघी बहिणी ओरडायच्या, "आई, शी!" आणि ती म्हणायची, "शी काय, अत्तर आहे." फांद्या मागितल्या तेव्हा आई मशीन न थांबवता म्हणाली होती, "घेऊन जा, पण थंडीत मारून टाकू नकोस त्याला. त्यानं माझं काय वाकडं केलंय?"

मारला नाही. निदान सगळा नाही. पण त्या दिवसांत ती जी चूक करून बसली, ती तिच्या धंद्यातल्या माणसांखेरीज कुणी करूच शकणार नाही. कोंब भरलेल्या छोट्या कुप्यांवर नावं लिहायला तिनं कपाटातले साधे चिकटे कागद घेतले. त्यांचा गोंद एवढ्या थंडीत टिकत नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. काही महिन्यांनी टाकी उघडून कुप्या अडकवलेली दांडी वर काढली तर कुप्या बोडक्या, आणि सगळी नावं कागदासकट टाकीच्या तळाशी. वरच्या खणातला बाजारचा, खालच्यातला आईचा, असं तिला आठवत होतं. पक्कं आठवत होतं. असं ती तेव्हा म्हणाली. मग न पुसल्या जाणाऱ्या शाईनं तिनं सगळ्यांवर एकच लिहून टाकलं, 'पुदिना, सराव'. आपल्याला ठाऊक आहे ना, मग झालं. इतक्या वर्षांत तो खणांचा हिशेब मनात कितीदा वरखाली झाला, देव जाणे. एखाद्या दिवशी वाटे वरचा आईचा, एखाद्या दिवशी खालचा, आणि मग आपण कसे वेंधळे म्हणून ती स्वतःशीच हसे.

तसं हसता येत होतं, कारण घाई नव्हती. आई गेली तेव्हासुद्धा घाई वाटली नाही. आईचं घर आवरून होईपर्यंत बादली कठड्यावरच राहिली. ती कामावरून जाताना वर चढून पाणी घालायची, धाकटी बहीण तिच्या मुलांना शाळेत सोडून येताना वर चढून पाणी घालायची, आणि दोघींना वाटत होतं आपण एकटीच घालतोय. दोघीही न सांगता जात होत्या. तिथं गेलं की रडू येतं हे दुसरीला कळू नये म्हणून. बादलीच्या बुडाला भोक नव्हतं. पुदिना बुडून कुजला. पुढे कधीतरी बोलण्यात हे निघालं तेव्हा दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या, आणि मग इतक्या हसल्या की धाकटीला उचकी लागली. "तुझं तर कामच आहे ना पाणी काढून घ्यायचं?" धाकटी म्हणाली होती. तेव्हा बर्फाळबाईला बरंच वाटलं होतं, कारण टाकीत अजून होता. एका उभ्या दांडीवर, वाफेच्या खाली, जिथं काही वाढत नाही आणि काही मरत नाही. त्यावर कुठलाही दिवस उगवत नव्हता. नवशिक्यांना दाखवताना एकेक कुपी तिनं खर्ची घातली, दोन्ही खणांतली, आणि उगवून आलेली रोपं वास न घेताच त्यांना देऊन टाकली. वास घ्यायला अजून वेळ आहे असं वाटायचं. आता एकच कुपी उरली होती. आणि आज, भाजीच्या दुकानात, कळलं होतं की कुपी आहे पण ती कशाशी ताडून बघायची ते आपल्यापाशी उरलेलं नाही.

खोलीत पोचली तर बटाटेवाला तिची वाटच बघत होता. हा शेजारच्या टेबलावरचा शास्त्रज्ञ, आयुष्यभर बटाट्याच्या जाती जपणारा, उंच, वाकलेला, आणि वाईट बातमी आधी चहा पाजून मग सांगणारा. त्यानं कप पुढे केला तेव्हाच तिनं ओळखलं. "मोठ्या साहेबांनी टाकीत जागा मागितलीय," तो म्हणाला. "बाहेरून माझी नवी पेटी येतेय, बाई. सरावाचं जे काही पडलंय ते काढून टाका म्हणाले. या आठवड्यात."

"सरावाचं एकच आहे."

"माहितीय. तुमचा पुदिना." त्यानं चहात बघत म्हटलं. "मी माझे दोन बटाटे बाहेर ठेवू शकतो. पुढच्या वर्षापर्यंत."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी पुन्हा चहा पाजेन."

ती हसली. तो खरंच ठेवेल हे तिला माहीत होतं, आणि म्हणूनच नाही म्हणणं भाग होतं. बटाट्याच्या त्या जाती कुणाच्याच शेतात आता उरल्याच नव्हत्या. तिनं पिशवीतली जुडी काढून टेबलावर ठेवली आणि त्याला वास घ्यायला लावला. "पुदिना," तो म्हणाला. "अजून काय असणार?" दुपारी तिनं धाकटीला फोन लावला आणि सरळ विचारलं, आईच्या पुदिन्याचा वास कसा होता. धाकटीनं आठवून बघितलं. मग म्हणाली, "कडसर. औषधासारखा. तापात कपाळाला लावायची ना." तिला वाटलं, छे, गोड होता, जड, दुपारच्या झोपेसारखा. ती तसं म्हणाली. धाकटी म्हणाली, "ताई, तुझं नाक पहिल्यापासून लाडावलेलं आहे." दोघींपैकी एकीला तरी नीट आठवायला हवं होतं, आणि आठवत दोघींनाही नव्हतं. "काढून बघ ना एकदाचा," धाकटी म्हणाली. "किती वर्षं नुसता 'आहे, आहे' म्हणत बसणार?"

काढला आणि मेला तर? ही भीती तिला नवी नव्हती, तिच्या धंद्यात ती रोजची होती. पण दुसऱ्यांच्या केळींची आणि बटाट्यांची भीती वेगळी. कोंब उगवला नाही तर आईचं उरलंसुरलं जिवंत असं जे काही जगात आहे ते तिच्याच हातानं संपणार. उगवला आणि बाजारचा निघाला, तर ते आधीच संपलेलं होतं आणि आपण इतकी वर्षं एका परक्या जुडीला जपत बसलो. दोन्ही गोष्टी कुपी बंद असेपर्यंत खऱ्या नव्हत्या. तिचं सुख थोडंसं त्या बंद कुपीवर टेकलेलं आहे हे तिला आता दिसलं, आणि त्याची तिला थोडी लाजही वाटली. नवशिक्यांना आपण काय सांगतो? लाड नकोत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जाड हातमोजे घातले, तोंडापुढे काचेचा पडदा ओढला, भिंतीवरच्या ऑक्सिजनच्या मापकाकडे एकदा बघितलं आणि झाकण उचललं. वाफ उतू आली. बटाटेवाला दाराशी उभा होता, मदतीला म्हणून, पण हात मागे बांधून. दांडी वर आली, कुपीवरची तिचीच जुनी, तेव्हाची गोलगोल अक्षरं दिसली. आता सवड द्यायची नव्हती. कोमट पाण्यात कुपी बुडवून ती बोटांत गरगर फिरवली, साखरेच्या पाण्यात रिकामी केली, चिमट्यानं एकेक कोंब उचलून डबीतल्या पोषक जेलीवर टेकवला. जेमतेम डोळ्यांना दिसणारे, पाणीदार, ना हिरवे ना पिवळे. सगळं मिळून चहा गार व्हायच्या आत झालं. इतक्या वर्षांचं थांबणं आणि एवढंसं काम, याचं तिला हसू आलं. बटाटेवाल्यानं डबीचं झाकण लावून दिलं. आधी अंधारात ठेवायचे असतात. लगेच उजेड सोसत नाही.

ते दिवस तिला पुढे आठवले ते शांत दिवस म्हणून. उलट व्हायला हवं होतं. ती रोज डबी बघायला जाई आणि रोज काही नसे, आणि घरी येऊन ती नवऱ्याला सांगे, "आज काही नाही." तो म्हणे, "बरं," आणि भाजी चिरायला घेई. काही कोंब तपकिरी झाले, काही पांढरे पडले. पांढरा म्हणजेही मेलेलाच, फक्त सभ्यपणे. एक मात्र मरतही नव्हता आणि काही करतही नव्हता. आईसुद्धा शेवटी शेवटी अशीच पडून असायची, डोळे मिटून, आणि जवळ बसलं की अचानक म्हणायची, "मी जागी आहे." एके सकाळी त्या कोंबाच्या टोकाला हिरवी रेघ होती. मायक्रोस्कोपखाली दोन इवली पानं हात जोडल्यासारखी मिटलेली दिसली. तिनं बटाटेवाल्याला हाक मारली. तो आला, वाकला, पुष्कळ वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, हा तर उठून बसलाय." तिला एकदम रडू आलं, आणि तिनं ते येऊ दिलं. त्यानं आपला न वापरलेला रुमाल काढून दिला.

जेलीतून काचेच्या बरणीत, बरणीतून मातीत. कुंडीला भोक आहे ना हे तिनं स्वतः बोट घालून पाहिलं. पुदिना तो पुदिनाच, एकदा माती लागल्यावर त्याला आवरणं कठीण. फांद्या काठावरून ओघळायला लागल्या, पानं हाताएवढी नाही पण अंगठ्याएवढी झाली, तेव्हा एका दुपारी तिनं दार लावून घेतलं, एक पान खुडलं, चुरडलं आणि नाकाशी नेलं.

पुदिना होता. चांगला, ताजा, झणझणीत. दुकानातला होता तसाच. तिनं दुसरं पान घेतलं, डोळे मिटले, वाट बघितली. कठडा आला, बादली आली, आई आली नाही. म्हणजे बाजारचा. वरचा खण आणि खालचा खण, आणि आपली पक्की आठवण. ती खुर्चीवर बसून राहिली. वाईट वाटलं, पण भीती वाटली होती तेवढं नाही. समोर कुंडी तरारलेली होती, कुणाची का असेना, आणि ती आपल्या हातून जगली होती. अशा वाढत्या गोष्टीवर रुसून बसणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी ती कुंडी घेऊन धाकटीकडे गेली. धाकटीच्या घरात आईचं मशीन होतं. वाटणीत तिनं तेवढंच मागितलं होतं. ते खिडकीपाशी उघडं पडलं होतं, पट्टा सुटलेला, आणि धाकटी त्यावर वाकून पुटपुटत होती. "ये. बस. हात लावू नको, सगळं चिकट झालंय," ती म्हणाली आणि मग कुंडीकडे बघून उभीच राहिली. "हा तो?"

"तो नाही बहुतेक. तूच बघ."

धाकटीनं फडक्याला हात पुसल्यासारखे केले, दोन पानं खुडली, बोटांत चुरडली, कुंडीवर झुकून वास घेतला. तिची मान हलली. "नाही, ताई. हा नाही." ती हे जरा घाईनं, पण मायेनं म्हणाली. मग चुरडलेली पानं खिडकीबाहेर टाकली, बोटं जवळच असलेल्या बहिणीच्या मनगटाला पुसली आणि चहा टाकायला आत गेली. पुसताना तिचं लक्ष नव्हतं. बर्फाळबाईचंही नव्हतं. ती खिडकीपाशी उभी राहून समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या चादरी बघत होती आणि विचार करत होती की एवढ्या वर्षांनी का होईना, कळलं ते बरं. मग कपाळावरचे केस मागे सारायला तिनं हात उचलला.

आणि आई आली. कठड्याशिवाय, बादलीशिवाय, एकदम, अगदी जवळ. गोड, जड, आणि त्याच्या खाली कडसर काहीतरी. दोघींचंही खरं होतं. ती जागची हलली नाही. हात तसाच नाकाशी धरून तिनं आत हाक मारली, "तू मघाशी काय करत होतीस?"

"मशीनला तेल घालत होते. का?"

धाकटी दोन कप घेऊन बाहेर आली तशी तिनं नुसतं मनगट पुढे केलं. धाकटीनं वास घेतला. कप मशीनच्या फळीवर ठेवले आणि ती आईच्या स्टुलावर बसली. दोघींपैकी एकीनंही कधी त्या बादलीवर वाकून वास घेतला नव्हता. तो नेहमी आईच्या बोटांवरूनच आला होता, दिवसभर मशीनच्या तेलात भिजलेल्या बोटांवरून, आणि त्यांच्या स्वतःच्या गरम अंगावर पुसलेला. टाकीत त्यातलं काय राहिलं असतं?

"म्हणजे," धाकटी शेवटी म्हणाली, "दुकानातल्या जुडीनंही झालं असतं."

"झालं असतं."

"आणि हा आईचाच आहे की नाही?"

"आता कळायचं नाही कधी," बर्फाळबाई म्हणाली, आणि हे म्हणताना आपल्याला किती मोकळं वाटतंय याचं तिला नवल वाटलं. धाकटीनं डोळे पुसले, तेलाचा डाग गालावर उमटला. मग ती उठली आणि सवयीनं पाण्याचा तांब्या घेऊन कुंडीकडे वळली. आणि थबकली. दोघींची नजरानजर झाली.

"तूच घाल," बर्फाळबाई म्हणाली. "इथंच राहू दे त्याला, मशीनपाशी. मी नाही घालणार."

परत येताना बसमध्ये उभं राहावं लागलं. तिनं दांडा वास नसलेल्या दुसऱ्या हातानं धरला.